तळाचा घोट

आमच्या बैठकीत माझं नाव कधी कुणी उच्चारलं नाही. परक्या पुरुषांसमोर बायकोचं नाव घेणं म्हणजे अब्रू चव्हाट्यावर मांडणं, असं माझा नवरा हाज दर्दीरी मानतो. माझा तलाक मात्र त्याच बैठकीत उठता-बसता निघायचा. पाहुण्यानं दुसरी भाकरी नको म्हटलं, की हाज गरजायचा, "माझ्यावर तीन तलाक, ही खाल्ल्याशिवाय उठलास तर!" मग पाहुणा बिचारा खायचा. न खाऊन करतो काय? त्याच्या नकारानं आतल्या बाईचा संसार मोडायचा. बदकाच्या तंगडीवर, कॉफीच्या कपावर, एकदा तर कलिंगडाच्या फोडीवर माझा संसार पणाला लागला आहे. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच.

आमच्या मल्लावी गावात या शपथेचं फार कौतुक. "हाजचं मन मोठं," असं लोक म्हणायचे. मन मोठं असतं तर त्यानं घोडी पणाला लावली असती. घोडीवर त्यानं कधीच शपथ घेतली नाही. घोडी गेली तर नुकसान झालं असतं.

धंदा काकवीचा. आमच्या गावची काळी काकवी कैरोपर्यंत जाते आणि हाजची घागर बाजारात नाव कमावून आहे, हे मी नाकारत नाही. पण त्यामुळे त्याची समजूत अशी झाली, की जे जे म्हणून घट्ट, गोड आणि बाटलीत भरलेलं असतं, त्यातलं त्याला सगळं कळतं.

हिवाळ्यात त्याची छाती धरली. ताप गेला, खोकला राहिला. खोकून खोकून बरगड्या दुखायला लागल्या, तेव्हा कुठे तो मिन्याला डॉक्टर वदीअकडे यायला तयार झाला. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, काही वाईट नाही म्हणाले आणि एक पातळ औषध लिहून दिलं.

"हाज, हे नेहमीचं खोकल्याचं औषध नाही," ते म्हणाले. "यात अफूच्या जातीचं औषध आहे, जोडीला ॲलर्जीवरचं. दोन्ही झोप आणणारी."

"डॉक्टरसाहेब, ही खुर्ची कुठून घेतलीत?" हाजनं विचारलं. "लाकूड बीच झाडाचं दिसतंय."

डॉक्टर हुशार माणूस. त्यांनी खुर्ची माझ्याकडे, म्हणजे रशादच्या आईकडे, वळवली.

"उम्म रशाद, तुम्ही ऐका. बाटली आधी नीट हलवायची, हे खाली बसणारं औषध आहे. सोबत मापाची टोपी मिळेल, तिच्यावरच्या खुणेपर्यंतच घ्यायचं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मध्ये खोकला आला तरी नाही, कारण एका मापाचं काम बारा तास चालतं. याच्याबरोबर झोपेची गोळी नाही, ॲलर्जीची गोळी नाही. हे घेऊन गाडी चालवायची नाही. बाटली कुलपात ठेवायची आणि दुसऱ्या कुणाला एक थेंब द्यायचा नाही, मग तो कितीही खोकू दे."

"आणि जास्त झालं तर?"

"माणूस गाढ झोपतो. मग श्वास मंद होतो. मग हाका मारूनही उठत नाही. तसं दिसलं, ओठ निळे दिसले, तर माझ्याकडे येऊ नका. सरळ इस्पितळ गाठा."

"बायकांना भीती घालायला डॉक्टर लोकांना आवडतं," हाज हसून म्हणाला. डॉक्टर हसले नाहीत.

मल्लावीच्या स्टँडजवळच्या औषधाच्या दुकानात चिठ्ठी ठेवून घेतली, नाव लिहून घेतलं, ओळखपत्र बघितलं, सही घेतली. उरलं तर इथेच परत आणून द्या, असंही दुकानदारानं बजावलं. झालं! सही घेतली म्हणजे वस्तू भारी, एवढंच हाजच्या डोक्यात शिरलं. बाकी सगळं पालथ्या घड्यावर पाणी. तिथून घरी येताना रिक्षात तो बाटली मांडीवर घेऊन बसला होता, जमिनीचं खरेदीखत आणल्यासारखी.

घरी आल्यावर त्यानं मापाची टोपी कॅनरी पक्ष्याच्या पिंजऱ्यात पाण्यासाठी लावून टाकली आणि चहाचा ग्लास पुढे केला.

"अहो हाज, टोपी!"

"चमचे-टोप्या पोरांना. मी काय पोर आहे?"

"निदान हलवा तरी."

"काकवी कधी हलवतात का गं? हलवली की फेस येतो, माल नासतो. तीस वर्षं धंदा केला तो काय डोळे मिटून?"

न हलवता त्यानं वरचं पातळ ग्लासात ओतून घेतलं, वरून मिटक्या मारल्या, आणि दुपारच्या जेवणाला बसला. मुलूखियाच्या पातळ पालेभाजीच्या वाटीत भाकरी बुडवता बुडवता त्याची मान हळूहळू खाली गेली. दाढी रश्शात बुडाली तरी त्याला पत्ता नाही. मी हाका मारल्या, खांदे हलवले, शेवटी माठातलं पाणी तोंडावर मारलं, तेव्हा त्यानं एक डोळा उघडला आणि म्हणाला, "दर पटला, माल उचला." मी त्याला टेकवून बसवला आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या नाकाशी हात धरून श्वास मोजत राहिले. शेजारच्या रिक्षावाल्यालाही दारात थांबवून ठेवलं होतं. असल्या माणसासाठी जीव टांगणीला लागतो, याचाच मला राग आला होता.

आणि ते वरचं पातळ होतं. तळाशी काय बसलं असेल?

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी हाजला असा काही झापला, की पुढे आठवडाभर तो मुकाट माझ्या हातून टोपीतलं माप घेत राहिला. कॅनरीला मी वाटी दिली. बाटली मी रोज हलवत होते. तो बघायचा आणि "नासवलीस," म्हणायचा. पोट साफ होईना म्हणून कुरकुर केली, ती मी अंजीर आणि पाणी देऊन भागवली. खोकला गेला. बाटलीत थोडं औषध उरलं.

"हे परत द्यायचं," मी म्हणाले.

"सहीचा माल परत देतात?" त्यानं बाटली उचलली आणि बैठकीतल्या काचेच्या कपाटात, मुलानं कुवेतहून पाठवलेल्या कॉफीच्या कपांशेजारी मांडून ठेवली. कपाटाला कुलूप लावलं, किल्ली अंगातल्या लांब गलाबियाच्या खिशात टाकली आणि मला म्हणाला, "डॉक्टरच म्हणाला होता ना, कुलपात ठेवा? बघ, मी ऐकतो डॉक्टरचं."

मग खमासीनचा वारा सुटला. वसंतात तो वाळवंटातून धूळ घेऊन येतो आणि अख्खं गाव खोकायला लागतं. बैठकीत जो येईल तो खोकणारच. हाजला दुसरं काय हवं होतं? पहिला बळी फिक्री मास्तर. त्यांनी दोनदा घसा खाकरला आणि हाज किल्ली काढून उठला.

"मास्तर, असं औषध अख्ख्या मल्लावीत नाही. सही घेतात, सही!"

मास्तरांनी डोळे विस्फारले आणि भीत भीत थोडं घेतलं. शिकलेला माणूस, लेबल डोळ्यांसमोर, पण वाचलं नाही. सही घेतात म्हटल्यावर त्यांनाही तो मानच वाटला. मग ते आमच्याच बाकावर तोंड उघडं टाकून असे झोपले, की शाळेत परीक्षेला पर्यवेक्षक नाही म्हणून मुख्याध्यापकांनी माणूस पाठवला. जागे झाल्यावर त्यांचे पाय लटपटत होते. हाजनं ही गोष्ट पुढे आठवडाभर सांगितली. "असा गुण! खोकला विसरले, शाळाही विसरले!" आणि ते सगळे ठोंबे हसायचे. एकाही शहाण्याच्या मनात आलं नाही, की माणूस शाळा विसरतो तसा श्वास घ्यायलाही विसरू शकतो.

तळाला आता बोटभर गाळ राहिला होता. मी एकदा किल्ली मागितली. तो म्हणाला, "आमच्या धंद्यात वरचं गिऱ्हाइकाला, तळचं सोयऱ्याला. खरा कस तळाशी असतो. तो मी कुणा ऐऱ्यागैऱ्याला देणार नाही."

सोयरा आला तो गुरुवारी. माझा धाकटा भाऊ वहदान. तो मल्लावी ते असियूत मायक्रोबस चालवतो. वसंताच्या सणासाठी आमच्या आईनं खारवलेला फसीख मासा आणि हिरव्या कांद्याच्या जुड्या पाठवल्या होत्या, त्या द्यायला तो वाट वाकडी करून आला. गल्लीच्या तोंडाशी माणसांनी भरलेली गाडी उभी, मागून कुणीतरी हॉर्न वाजवतंय आणि हा स्वयंपाकघराच्या दारात लाल डोळ्यांनी उभा.

"ताई, धर हे. मी थांबत नाही. गाडीत लोक शिव्या देताहेत."

"डोळे काय हे?"

"धुळीनं. पहाटे ॲलर्जीची गोळी घेतली, आत्ता आणखी एक घेतली. डोकं जड झालंय, पण शिंका थांबल्या." आणि तो खोकला.

माझ्या हातातला मासा खाली पडता पडता राहिला. "वहदान, बैठकीत जाऊ नकोस."

"दारात येऊन हाजला सलाम न करता जाऊ? मग तुला आयुष्यभर टोमणे ऐकावे लागतील."

"मग सलाम कर आणि पळ. आणि काहीही झालं तरी त्यांच्यासमोर खोकू नकोस!"

तो हसला. माझा भाऊ सगळ्याच गोष्टींना हसतो.

मी पडद्याआड उभी राहिले. बैठकीत हाज, फिक्री मास्तर आणि काकवीचे तीन-चार व्यापारी होते. सलाम झाला, तब्येती विचारून झाल्या, गाडी कशी, आई कशी. वहदानचा आवाज बारीक होत होता; खोकला दाबत होता तो. मीही पडद्याआड श्वास रोखून धरला होता. आयुष्यात कुणाच्या घशाकडे मी इतके कान लावले नव्हते. तो म्हणाला, "बरं, येतो हाज, निरोप द्या." आणि उंबरठ्याशी पोहोचला तोच खोकल्याची अशी उबळ आली, की तो चौकटीला धरून वाकला.

कपाटाच्या कुलपात किल्ली फिरलेली मला ऐकू आली.

"बस खाली! अरे, तुझ्यासाठीच राखून ठेवलंय. तळचं आहे, तळचं!"

"नको हाज. मला गाडी चालवायचीय."

"घोटभर तर आहे."

"गाडीत माणसं आहेत हाज. आणि मी आधीच गोळ्या घेतल्यात."

"गोळ्या! गोळ्यांनी काय होतं? हे बघ, कसं घट्ट आहे, चमचा उभा राहील." ग्लासात तो गाळ पडल्याचा आवाज आला. "पी."

"माफ करा, हाज."

मग ते आलंच. ते येणार हे मला किल्ली फिरली तेव्हाच ठाऊक होतं. "माझ्यावर तीन तलाक, हा घोट माझ्या हातून प्यायल्याशिवाय तू हा उंबरठा ओलांडलास तर!"

उचलली जीभ लावली टाळ्याला. व्यापाऱ्यांनी माना डोलावल्या. बाहेर हॉर्न वाजत होता. पडद्याच्या फटीतून मला वहदानचा चेहरा दिसला. तो माझ्या दिशेला बघत होता. मी दिसत नव्हते त्याला, पण मी तिथे आहे हे त्याला माहीत होतं. त्याचं हसू मावळलं होतं. आपल्यामुळे बहिणीचं घर मोडलं, असं आईला जाऊन कसं सांगायचं? त्याच्या डोक्यात तेवढंच चाललं असणार. तो वाळवंटातला सरळसोट रस्ता, मागे बसलेली माणसं, दोन गोळ्यांनी आधीच जड झालेलं डोकं, हे सगळं त्या एका शब्दापुढे हलकं ठरलं. त्यानं "बिस्मिल्ला" म्हटलं आणि ग्लास हातात घेतला.

मी पडदा बाजूला सारला.

"वहदान, ग्लास खाली ठेव."

त्या बैठकीत बाईचा आवाज याआधी कधी आला नव्हता. एका व्यापाऱ्यानं तर घाईघाईनं नजर छताला लावली. हाज इतका दचकला, की ज्या नावाची अब्रू त्यानं जन्मभर जपली, तेच सगळ्यांसमोर त्याच्या तोंडून निघालं.

"तफीदा! आत हो!"

"आधी ग्लास खाली."

"ताई, जा तू," वहदान हलक्या आवाजात म्हणाला. "एक घोट तर आहे. पितो आणि निघतो. तुझं घर..."

"आणि गाडीत बसलेत त्यांना घरं नाहीत? तुझी पोरं नाहीत? तू चाकावर डुलकी घेतलीस तर हे हाज कुणाकुणाच्या दारात जाऊन तळचं वाढणार आहेत?"

"अगं, शपथ घातलीय मी!" हाज किंचाळला. "तीन तलाक! ऐकलं नाहीस?"

"ऐकलं. वर्षानुवर्षं ऐकतेय. बदकावर ऐकलं, कलिंगडावर ऐकलं. आज विषावर ऐकलं."

"उम्म रशाद," फिक्री मास्तर मध्ये पडले, "सैतानाला दूर लोटा. औषधच आहे, आम्हीही घेतलं..."

"मास्तर, तुम्ही बोलूच नका. तुम्ही हे घेऊन बाकावर पडला होतात. तो बाक चालत असियूतला जात नव्हता, म्हणून आज बोलताय."

हाजचा आवाज आता खाली आला होता. त्याला पहिल्यांदाच कळत होतं, की ही बाई खाली ठेवलेल्या चहाच्या ट्रेसारखी उचलून आत नेता येणार नाही.

"हे बघ, तो प्याला नाही तर तू सुटलीस. कळतंय का?"

"मग सुटले," मी म्हणाले.

वहदानच्या हातातून ग्लास घेतला. ट्रेवरची बाटली घेतली, तो गाळ तिच्यात परत ओतून झाकण घट्ट लावलं. मग भावाचा हात धरला आणि त्याला उंबरठ्याबाहेर ओढला. त्याचे पाय अडखळत होते, माझे नाही. मागे हाज म्हणत होता, "अरे, थांबवा तिला, कुणीतरी थांबवा!" पण आडवं यायला कुणी उठलं नाही. दुसऱ्याच्या बायकोला हात कसा लावायचा? अब्रूचा प्रश्न!

मी काळी चादर डोक्यावर घेतली आणि मायक्रोबसमध्ये पुढे बसले. मागची म्हातारी कुरकुरली, "केवढा उशीर! लोकांना कामं नसतात का?" काय सांगणार? स्टँडवर पोहोचताच वहदाननं दोनदा जांभई दिली, तेव्हा मी त्याच्याकडून किल्ली घेऊन तिथे उभ्या असलेल्या त्याच्या जोडीदार ड्रायव्हरच्या हातात दिली आणि त्याला मागे बसवलं. स्टँडजवळच्या त्याच दुकानात ती बाटली परत केली. दुकानदारानं लेबलवरचं नाव वाचलं आणि बाटली उजेडात धरली.

"हे कधी हलवलंच नाही कुणी?"

"माझ्या हाती होती तोवर हलवत होते," मी म्हणाले.

असियूत येईपर्यंत वहदान माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला. नुसत्या गोळ्यांनी ही गत. मी सबंध रस्ता त्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवून होते आणि तो घोट त्याच्या पोटात गेला असता तर, हा विचार मनातून काही जात नव्हता. घर मोडल्याचं दुःख व्हायला हवं होतं. झालं नाही. बराच काळ दाबून बसलेल्या बुटातून पाय काढावा तसं वाटलं.

सण होऊन गेल्यावर हाज असियूतला, वहदानच्या घरी आला. बरोबर मशिदीचे शेख मुनीर आणि काकवीची घागर. उन्हं कलायला लागली होती. वहदानच्या बायकोनं, रईफानं चहा ठेवला. शेखनी गळा साफ केला. हाजनं त्यांच्याकडे जरा हावरटपणानं बघितलं, पण देण्यासारखं काही उरलं नव्हतं त्याच्याकडे.

"मुली," शेख म्हणाले, "माणूस पाहुणचाराच्या भरात बोलला. सोडण्याचा हेतू नव्हता. शपथ मोडली, तिचं प्रायश्चित्त दहा गरिबांना जेवण. ते यानं घातलं. तलाक पडला नाही. तू अजून याचीच बायको आहेस."

"जेवण घातलं ना, पोटभर!" हाज म्हणाला. "एक जण कमी खात होता, त्यालाही..." आणि तो थांबला. शेखनी डोळे मिटले. मला विचारायची गरज नव्हती.

"माझी एकच अट आहे," मी म्हणाले. "यांच्या तोंडून तो शब्द पुन्हा निघणार नाही. भाकरीवर नाही, औषधावर नाही, कशावरच नाही."

"मान्य!" हाज म्हणाला. "शेखसाहेब साक्षी आहेत. संपला तो शब्द. आता ऊठ."

"चहा तरी घेऊ द्या."

"चहा घरी घे. लोक विचारताहेत. बैठकीत कॉफी कोण करतंय माहीत आहे का? मी! मास्तर हसतात."

"घोटभर राहिलाय."

"अगं, मी असियूतपर्यंत आलोय, शेखना घेऊन आलोय, आणि तू चहा पीत बसलीस?" त्याचा आवाज चढला, मान ताठ झाली, बैठकीत व्हायची तशी. "ऊठ म्हणतो ना! माझ्यावर तीन तलाक, सूर्य बुडायच्या आत तू माझ्या घरात नसलीस तर!"

शेख मुनीर यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. हाजच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. मग त्याचे ओठ हलायला लागले, पण त्या शब्दाला परत आत घ्यायचा रस्ता त्याला कधीच सापडला नव्हता.

मी खिडकीतून बघितलं. सूर्य अजून खजुरांच्या शेंड्यांच्या बराच वर होता. मल्लावीला पोहोचायला अजून पुरेसा वेळ होता, आत्ता उठले असते तर.

"रईफा," मी ग्लास पुढे केला, "आणखी चहा टाक गं. शेखसाहेबांनाही दे."